दवाखान्यातले दिवसही पगाराचे

ब्यूरोतून चोवीस तासांच्या ड्यूटीवर जाणाऱ्या बायांनो, काम धरतानाच विचारा: पेशंट दवाखान्यात दाखल झाला तर पगार चालू राहणार का? हा प्रश्न कुणी विचारत नाही. माझा जवळजवळ अर्धा पगार त्यात गेला आहे.

पुण्यातल्या त्या आजी अंथरुणाला खिळलेल्या होत्या. दर दोन तासांनी कूस बदलायची, रात्रीसुद्धा. नाहीतर पाठीला जखमा होतात. मी असेपर्यंत त्यांना एकही जखम झाली नाही, डॉक्टरांनी घरच्या ताईंसमोर तसं सांगितलं होतं. मग छातीत कफ भरला आणि दाखल करावं लागलं. नर्स येऊन सलाईन लावायच्या, इंजेक्शन द्यायच्या आणि जायच्या. भरवणं, डायपर, रात्री आजी घाबरल्या की हात धरून बसणं माझ्याकडे. झोपायला कॉटशेजारी जमिनीवर चादर. घरचे दादा संध्याकाळी डोकावायचे, ताई फोन करायच्या.

आजी गेल्यावर ताईंनी हिशोब माझ्यापुढे ठेवला. दवाखान्यातल्या प्रत्येक तारखेपुढे खाडा. विचारलं तर शांतपणे म्हणाल्या, "अगं, तिथे नर्स होत्या ना. घरचं काम तर बंदच होतं." तेव्हा मला कळलं, आजींजवळचं माझं जागणं त्यांच्या लेखी कामच नव्हतं. केरफरशी आणि पोळ्या, तेवढं काम. याच ताई तेराव्याला पाहुण्यांना सांगत होत्या, "ही तर आमच्या घरचीच." घरच्या माणसाचा खाडा मांडतात? ब्यूरोवाल्याने "पार्टीशी तुम्हीच बोला" म्हणून फोन ठेवला. स्वतःचं कमिशन मात्र त्याने आधीच घेतलं होतं.

घरकामगार संघटनेच्या बाईंनी मला नंतर सांगितलं, की आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2011 मध्ये घरकामगारांसाठी 189 क्रमांकाचा करार मंजूर केला. हाक मारली की उठायचं म्हणून थांबून राहिलेला वेळही देशाच्या कायद्यानुसार कामात धरावा, आठवड्याला सलग 24 तास विश्रांती मिळावी, असं त्यात आहे. भारताने त्यावर अजून मोहोर उठवलेली नाही. म्हणून आपणच आधी ठरवून घ्यायचं.

सुट्टी कधी, झोपायला किती तास, दवाखान्यात गेल्यास काय, पेशंट वारला तर हिशोब किती दिवसांत, हे सगळं व्हॉट्सअॅपवर लिहून मागा. बोललेलं विसरतात, मेसेज राहतो. पगार खात्यात घ्या. आधारची झेरॉक्स द्या, मूळ कार्ड नाही. पेशंटच्या अंगावर बांगड्या, साखळी असेल तर पहिल्याच दिवशी घरच्यांसमोर वहीत लिहा आणि सही घ्या. तब्येत सांभाळा, माणसं पाहून काम धरा.

महाराष्ट्रात 2008 चा घरेलू कामगार कल्याण मंडळाचा कायदा आहे. वय 18 ते 60 असेल तर नोंदणी होते. त्या कायद्याने पगार ठरत नाही, पण आपण कामगार आहोत याची सरकारदरबारी नोंद होते. घरमालकाचं प्रमाणपत्र मागतात आणि तिथे भलीभली माणसं हात आखडतात, म्हणून संबंध गोड असतानाच सही घ्या. पुण्यातल्या मोलकरणींनी 1980 मध्ये संप केला, तेव्हा तर त्यांच्या हातात एवढा कायदाही नव्हता.

आणि ज्यांच्या घरी आम्ही राबतो त्यांना सांगते: आईजवळ रात्रभर कोण बसलं होतं, हे तुम्हाला माहीत असतं. त्या रात्रीचे पैसे द्या.