गुलाबी रणगाडा आणि मित्राची म्हैस

आधी एक कबुली. गॅदरिंगच्या वेळी भित्तिपत्रकावर कलाप्रदर्शनाचं जे समीक्षण लागलं होतं, ते मी लिहिलं होतं. खाली नाव घातलं नव्हतं, कारण... असो. त्या प्रदर्शनात आमच्या विंगमधल्या एका मित्राने वर्कशॉपच्या भंगारातून एक शिल्प केलं होतं. सायकलची चेन, गंजलेल्या स्प्रिंगा, लेथवर निघालेल्या कुरळ्या पट्ट्या, सगळं वेल्ड केलेलं. मी लिहिलं, "यंत्रयुगातील मानवी अस्तित्वाची घुसमट येथे धातूच्या भाषेत मुखर होते." मराठीच्या मॅडमनी कौतुकही केलं.

रात्री मेसमध्ये तो ताट घेऊन समोर बसला. म्हणाला, "अरे, ती म्हैस आहे. आमची. डावं शिंग मोडकं केलंय, ते तरी पाहिलंस का?"

खरं सांगायचं तर मी त्या शिल्पासमोर अर्धा मिनिटही उभा राहिलो नव्हतो.

समीक्षा म्हणजे नक्की काय, हे शोधायला मग लायब्ररीत गेलो आणि पोचलो थेट चेकोस्लोव्हाकियात! चित्राविषयी, शिल्पाविषयी भलतंच लिहिलं तर एकेकाळी तिथे पोटावर पाय यायचा. आणि पुढे काहीही लिहिलं तरी चालून जायला लागलं. ही दोन्ही टोकं एकाच शहराने, प्रागने, एका आयुष्यात पाहिली.

१९४८ मध्ये तिथे कम्युनिस्टांची सत्ता आली. १९५५ मध्ये प्रागच्या लेत्ना टेकडीवर स्टालिनचं अवाढव्य स्मारक उभं राहिलं. उंची सुमारे साडेपंधरा मीटर, वजन सतरा हजार टन. (सिव्हिलवाल्यांनी पायाचं गणित करून बघावं.) पुढे स्टालिन आणि त्याच्या मागे ओळीने कामगार, शेतकरी, सैनिक. लोक त्याला म्हणायचे 'मटणाची रांग'. माझ्या मते त्या शिल्पाची सर्वांत अचूक समीक्षा हीच, कारण ती शिल्पाकडे बघून केलेली होती. पण ती कुजबुजत करावी लागे, छापता येत नसे. शिल्पकार ओताकार श्वेत्स याने तर उद्घाटनाआधीच आत्महत्या केली. सात वर्षांनी, १९६२ मध्ये, वरूनच हुकूम आला आणि ते स्मारक सुरुंग लावून उडवलं गेलं. दडपशाहीत कला फुलते असं आपल्याकडे काही जण ऐटीत म्हणतात. त्यांना श्वेत्सची गोष्ट सांगावी.

१९६८ मध्ये जरा मोकळं वारं सुटलं होतं, तेवढ्यात ऑगस्टमध्ये सोव्हिएत रणगाडे शिरले. मग पुन्हा कुलुपं. चित्रकार-शिल्पकारांची एक सरकारी संघटना होती. तिच्या मर्जीबाहेरच्या माणसाला प्रदर्शन भरवणं जवळजवळ अशक्य. मग काहींनी असं काम केलं की ज्याला दालनच लागणार नाही. यिर्झी कोवांदा १९७७ मध्ये प्रागच्या वेन्सेस्लास चौकातल्या सरकत्या जिन्यावर उभा राहिला, मागे वळला आणि मागच्या माणसाच्या डोळ्यांत बघत राहिला. बस्स, एवढीच कलाकृती! एक फोटो आणि कागदावर टाइप केलेली तारीख, जागा, काय केलं ते. आपल्या जर्नलमध्ये प्रयोग लिहितो ना, तसंच: साहित्य, कृती, निरीक्षण. फक्त 'निष्कर्ष' हा रकाना नाही.

अशा लोकांविषयी लिहिणार कोण? यिंद्रझिख खालुपेत्स्की (जन्म १९१०) नावाचे समीक्षक होते. १९६५ ते १९७० त्यांनी प्रागमधलं श्पाला कलादालन चालवलं. नंतर त्यांचं लिखाण उघडपणे छापणं बंद झालं. तरी ते चित्रकारांच्या घरी जात, काम बघत आणि लिहीत. ते लिखाण टाइप केलेल्या प्रतींतून हातोहात फिरे. एका वेळी कार्बन लावून निघतात तेवढ्याच प्रती! इतके कष्ट घेऊन प्रत काढायची, आणि ती सापडली तर अडचणीत यायचं, तर कोण त्यात 'धातूच्या भाषेत मुखर' वगैरे भरेल? मला वाटतं, तिथल्या प्रत्येक वाक्याला काही किंमत मोजलेली असे.

नोव्हेंबर १९८९ मध्ये ती राजवट कोसळली. खालुपेत्स्की १९९० मध्ये वारले. त्याच वर्षी त्यांच्या नावाने तरुण कलावंतांसाठी पुरस्कार सुरू झाला. सुरू करणारे तिघे म्हणजे नाटककार-राष्ट्राध्यक्ष वात्स्लाव हावेल, कवी-चित्रकार यिर्झी कोलार्झ आणि चित्रकार तेओदोर पिश्तेक ('अमाडेउस' सिनेमाच्या वेशभूषेसाठी ऑस्कर मिळवणारे तेच).

आणि आता रणगाडा. प्रागच्या स्मिखोव भागात एका चौथऱ्यावर सोव्हिएत रणगाडा ठेवलेला होता. क्रमांक २३. मे १९४५ मध्ये शहर मुक्त करायला सर्वांत आधी आलेल्या रणगाड्याची आठवण म्हणून. गंमत अशी की प्रत्यक्षात आधी आलेला रणगाडा टी-३४ होता, त्याच्यावर क्रमांक २४ होता, आणि चौथऱ्यावर चढवला तो अधिक वजनदार आयएस-२! म्हणजे व्हायवात आपण करतो तशी थाप, फक्त लोखंडी.

एप्रिल १९९१ मध्ये दाविद चेर्नी या कलाशाळेतल्या विद्यार्थ्याने मित्रांना घेऊन तो रातोरात गुलाबी रंगवला. वर एक बोट उभं केलं. कुठलं बोट ते हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको.

गदारोळ झाला. सोव्हिएत सरकारने निषेध केला. चेर्नीवर 'हुल्लडबाजी'चा गुन्हा दाखल झाला. १९७६ मध्ये जुन्या राजवटीने एका रॉक बँडशी संबंधित मंडळींना तुरुंगात टाकलं तेव्हाही आरोप हुल्लडबाजीचाच होता. राजवट गेली, पण कलम राहिलं! लष्कराने रणगाडा पुन्हा हिरवा केला. तेव्हा संसदेतले पंधरा खासदार डबे-ब्रश घेऊन गेले आणि त्यांनी तो परत गुलाबी केला, कारण खासदारांना अटकेपासून संरक्षण असतं. शेवटी रणगाडा तिथून हलला. लेशानीच्या लष्करी संग्रहालयात तो ठेवला आहे, गुलाबीच.

हे वाचून मी आधी नुसता हसलो. मग लक्षात आलं की भांडणाऱ्या दोन्ही बाजूंचं थोडं थोडं बरोबर होतं. १९४५ मध्ये हिटलरच्या सैन्याशी लढताना मेलेल्या रशियन पोरांची ती आठवण होती. आणि १९६८ मध्ये ज्यांच्या घरासमोरून तसेच रणगाडे गेले त्यांना त्यात दुसरंच दिसत होतं. हिरव्या रंगात हे दोन्ही अर्थ मुकाट्याने बसले होते. गुलाबी झाल्यावर सगळ्यांना ते उघड बोलावे लागले. चौकात, वर्तमानपत्रात, संसदेत. माझ्या मते त्या कामाचं मोल तिथे आहे, बोटात नाही.

पुढची गोष्ट मात्र मला जास्त झोंबली. २००९ मध्ये युरोपीय संघाचं अध्यक्षपद चेक प्रजासत्ताकाकडे आलं. ब्रसेल्सच्या इमारतीत लावायला चेर्नीला काम दिलं गेलं: २७ देशांतल्या २७ कलावंतांकडून एकेक तुकडा करून घ्यायचा. 'एंट्रोपा' तयार झालं. खेळण्यातल्या विमानाचे सुटे भाग प्लॅस्टिकच्या चौकटीला चिकटून येतात ना (इंजेक्शन मोल्डिंगच्या लेक्चरला जागे असाल तर रनर आठवेल), तशी प्रचंड निळी चौकट आणि तिला लटकलेले देश. इटली म्हणजे फुटबॉलचं मैदान, फ्रान्सवर 'संप!' असा फलक, ब्रिटनची जागाच रिकामी, आणि बल्गेरिया म्हणजे उकिडवं बसायचे संडास.

सोबत एक पुस्तिका होती. प्रत्येक कलावंताची ओळख, आधीची प्रदर्शनं, कलाकृतीमागचा विचार, सगळं भारदस्त भाषेत. आणि थोड्याच दिवसांत उघड झालं की ते २७ कलावंत अस्तित्वातच नव्हते. चेर्नी आणि त्याच्या दोन साथीदारांनी सगळे मनाने रचले होते. साथीदारांपैकी एक, तोमाश पोस्पिशिल, स्वतः कलासमीक्षक! पुस्तिका छापून वाटली गेली तोवर अधिकाऱ्यांना शंका आली नव्हती. येणार कशी? तशा पुस्तिका तशाच असतात.

बल्गेरियाने निषेध नोंदवला, त्यांचा तुकडा काळ्या कापडाने झाकला गेला, चेर्नीने माफी मागितली. युरोपला स्वतःवर हसता येतं का ते बघायचं होतं, असं त्याचं म्हणणं. मला ते अर्धंच पटतं. दुसऱ्याच्या देशाला संडास म्हणून मग 'हसा की' म्हणणं सोपं आहे, आपल्या रॅगिंगवाल्यांचीही हीच सबब असते. शिल्प म्हणूनही ते मला ठीकठाकच वाटतं. पण पुस्तिका! तिच्यातला माणूस मी ओळखला. भित्तिपत्रकावर नाव न घालता लिहिणारा.

एका शहरात कार्बनच्या चार-सहा प्रतींसाठी म्हातारा समीक्षक जिने चढत होता. वीस वर्षांनी त्याच शहरातल्या कारागिरांनी दाखवून दिलं की न बघता, नसलेल्या माणसाविषयीही तसंच लिहिता येतं. मधल्या काळात सेन्सॉर गेला, ते उत्तमच झालं. तो परत यावा असं म्हणणारा मूर्ख. पण चुकीचं लिहिलं तर काय बिघडतं, या प्रश्नाला तिथे आता उत्तर उरलं नव्हतं. मला मेसमध्ये उत्तर मिळालं होतं.

शिल्प अजून वर्कशॉपच्या मागच्या व्हरांड्यात होतं. परवा सबमिशन संपल्यावर गेलो आणि वही घेऊन समोर बसलो. उंची अंदाजे दोन फूट. पाठीचा कणा सायकलच्या चेनचा, मध्ये खोलगट. पुढचा डावा पाय अर्धवट उचललेला, म्हणजे ती चालते आहे. डावं शिंग मुळाशी तुटलेलं आणि तिथेच वेल्डिंग सर्वांत नीट केलेलं, घासून गुळगुळीत. गळ्यात दोरी नाही, पण दोरीचा वळ आहे, एक बारीक तार दाबून काढलेला. मान मागे वळलेली.

मान मागे का, ते विचारायला त्याच्या खोलीवर गेलो. त्याने ड्रॉइंग शीटवरून मान वर केली नाही. म्हणाला, "फर्स्ट इयरच्या फीसाठी विकली तिला. टेम्पोत चढताना अशी बघत होती." मग थोड्या वेळाने म्हणाला, "वळ दिसला तुला?"

"दिसला," मी म्हणालो.

"बस मग. चहा घेऊ."