‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’ आलं तर

सबमिशनच्या आदल्या रात्री लॅबच्या लिनक्स सर्व्हरवर एसएसएचने शिरावं, ग्राफची कमांड द्यावी, आणि उत्तर यावं ‘कॅनॉट ओपन डिस्प्ले’! लगेच सॉफ्टवेअर परत इन्स्टॉल करू नका. ते बहुतेक वेळा ठणठणीत असतं. खिडकी कुठल्या स्क्रीनवर उघडायची, एवढंच त्याला ठाऊक नसतं. १९८४ साली एमआयटीत सुरू झालेल्या एक्स विंडोमध्ये सगळा प्रकार उलटा: स्क्रीन सांभाळणारं आपलं मशिन सर्व्हर, आणि दूरचा प्रोग्रॅम, मग तो आयसर पुण्याच्या ‘परम ब्रह्म’वर का चालेना, क्लायंट. (व्हायव्हाला घोळ इथेच होतो.) म्हणून आधी ‘एको डॉलर डिस्प्ले’ टाका, डिस्प्ले कॅपिटलमध्ये. ओळ रिकामी आली, तर बाहेर पडून एसएसएचला ‘डॅश कॅपिटल एक्स’ जोडून परत शिरा. विंडोजवाल्यांनी आधी आपल्याकडे एक्स सर्व्हर चालू करावा. तरीही अडलं, तर पलीकडे फॉरवर्डिंग बंद असेल. ते अ‍ॅडमिन सरांनाच सांगावं लागतं.