माहेरचा आधार आणि वराची निवड

मुलीसाठी स्थळ पाहताना जमीन किती, नोकरी कायमची आहे काय, घराणे कसे, स्वभाव कसा, व्यसन तर नाही ना, अशी चौकशी होते. हे सर्व गुण एकाच वरात क्वचितच आढळतात. म्हणून एकासाठी दुसऱ्यावर पाणी सोडावे लागते. काय सोडावे आणि काय सोडू नये, हे केवळ आवडीनिवडीवरून ठरत नाही. उद्या अडचण आली तर पाठीशी कोण उभे राहील, या अपेक्षेचाही त्यात वाटा असतो. त्या वाट्याचा विचार येथे करावयाचा आहे.

१. जगभरातील पाहणी

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ डेव्हिड बस यांनी १९८९ साली ३३ देशांतील ३७ गटांच्या पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. तीत दहा हजारांहून अधिक स्त्रीपुरुषांनी भाग घेतला होता. जोडीदाराच्या मिळकतीला स्त्रियांनी पुरुषांपेक्षा अधिक महत्त्व दिले, असे जवळजवळ सर्वत्र दिसून आले. परंतु दयाळू व समजूतदार स्वभाव आणि बुद्धिमत्ता यांना स्त्रिया व पुरुष दोघांनीही वरचे स्थान दिले होते, हेही विसरून चालणार नाही.

पुढे १९९९ साली ॲलिस ईगली व वेंडी वुड या दोन विदुषींनी हीच माहिती पुन्हा तपासली. ज्या समाजांत स्त्रीपुरुष-समता अधिक, तेथे मिळकतीविषयीचा हा फरक कमी, असे त्यांना आढळले. म्हणजे पसंती निदान काही अंशी तरी परिस्थितीनुसार बदलते.

२. मूल वाढविण्याचा भार

मानवाचे मूल अनेक वर्षे परावलंबी असते. एकट्या आईला ते वाढविणे कठीण जाते. मग मदत कोणाची? पतीची, हे उत्तर सहज सुचते. पण ते अपुरे आहे. रेबेका सीअर व रूथ मेस यांनी २००८ साली अनेक समाजांतील अभ्यासांचा एकत्र आढावा घेतला. आईची आई हयात असणे बहुतेक ठिकाणी मुलाच्या जगण्यास उपकारक ठरत होते. पित्याच्या अभावाचा परिणाम मात्र सर्वत्र सारखा आढळला नाही.

यावरून एक अनुमान निघते. ज्या स्त्रीला आई, भाऊ, बहीण यांच्याकडून मदतीची खात्री आहे, तिला पतीच्या मिळकतीवर सर्वस्वी विसंबून राहण्याचे कारण नाही. ती स्वभावाला अधिक महत्त्व देऊ शकेल. जिला तशी खात्री नाही, तिला पतीच्या घरची सुस्थिती आधी पाहावी लागेल.

३. दोन प्रदेश, दोन रीती

हे अनुमान आपल्या देशात ताडून पाहण्यास चांगली सोय आहे. इरावती कर्वे यांनी १९५३ साली प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी ग्रंथात भारतातील आप्तसंबंधांच्या रीतींची प्रदेशवार मांडणी केली आहे.

प्रथम उत्तरेकडील रीत पाहू. दिल्लीला लागून असलेला गाझियाबाद जिल्हा १९७६ साली मेरठ जिल्ह्यातून वेगळा करण्यात आला. या भागातील अनेक शेतकरी जातींत स्वतःच्या गोत्रात आणि स्वतःच्या गावात विवाह वर्ज्य मानतात. गावची मुलगी ती साऱ्या गावाची मुलगी. त्यामुळे तिला परक्या गावी, बहुधा अनोळखी घरी जावे लागते. मुलीच्या सासरी अन्नपाणी घेऊ नये, असा जुन्या पिढीतील आईबापांचा दंडकही असे. याच प्रदेशातील, दिल्लीजवळच्या एका गावाचा अभ्यास ऑस्कर लुईस यांनी १९५८ च्या ग्रंथात मांडला. सुमारे दीडशे कुटुंबांच्या त्या गावाचे सोयरसंबंध चारशेहून अधिक गावांशी जडलेले होते. गावाच्या दृष्टीने ही संपत्ती खरी. पण एकेकट्या सुनेच्या दृष्टीने पाहिले तर तिच्या माहेरची दुसरी मुलगी त्या गावात क्वचितच असे. माहेर तुटत नसे. तीजेला पीहराहून सिंधारा येई, भाच्यांच्या लग्नात मामा भात घेऊन येई. पण हा आधार सणासमारंभाचा; रोजचा नव्हे.

महाराष्ट्रातील अनेक जातींत मामाच्या मुलीशी लग्न करण्याची चाल आहे. अशा लग्नात मुलीची सासू ही तिची आत्याच असते. घर ओळखीचे, बोलणारे माणूस रक्ताचे. (निकटच्या नात्यातील विवाहांमुळे आनुवंशिक रोगांची शक्यता वाढते, पण तो विषय वेगळा.) पहिले बाळंतपण माहेरी करण्याची रीतही येथे रूढ आहे.

टिम डायसन व मिक मूर यांनी १९८३ साली असे दाखविले की, दक्षिणेत, जेथे विवाहित मुलीचा माहेराशी संबंध दाट राहतो, तेथे स्त्रियांना निर्णयाचे स्वातंत्र्य अधिक आणि बालमृत्यू कमी होते. महाराष्ट्र या दोहोंच्या सीमेवर आहे.

४. दोन सूचना

पहिली सूचना अशी की, पसंती कोणाची, हे नीट पाहिले पाहिजे. भारतीय मानव विकास पाहणीत (२०११–१२) आपला पती सर्वस्वी स्वतः निवडल्याचे सुमारे पाच टक्के विवाहित स्त्रियांनीच सांगितले. तेव्हा आपण जिला मुलीची पसंती म्हणतो, ती पुष्कळदा आईबापांची असते. आधार देणारे कुटुंबच निवडही आपल्या हाती ठेवते.

दुसरी सूचना अशी की, माहेरचा आधार फुकट मिळत नाही. अर्थशास्त्रज्ञ बीना अगरवाल यांनी १९९४ च्या ग्रंथात दाखविले आहे की, भावाशी संबंध बिघडू नयेत म्हणून अनेक बहिणी जमिनीवरील आपला हक्क सोडून देतात. संकटात भाऊ दार उघडील, या भरवशाची ती किंमत असते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलासारखाच जन्मसिद्ध वाटा महाराष्ट्रात १९९४ च्या आणि देशभर २००५ च्या दुरुस्तीने मिळाला. पण वाटा मागणारी बहीण आणि हक्क सोडणारी बहीण यांना माहेरी सारखाच आदर मिळतो काय, हे कायदा ठरवू शकत नाही.

५. आधार बदलतो तेव्हा

आज गाझियाबादेत नोकरीनिमित्त दूरदूरची कुटुंबे येऊन राहिली आहेत. दिल्लीची मेट्रो २०१९ साली शहराच्या नव्या बसस्थानकापर्यंत पोहोचली. दूरध्वनीमुळे आईशी रोज बोलता येते. मुलीला स्वतःचा पगार असेल, तर आधाराचे आणखी एक साधन तिच्या हाती येते. मग तिची पसंतीही बदलेल, असे मानण्यास जागा आहे.

तेव्हा ‘मुली पैसा पाहतात’ असे म्हणून त्यांना नावे ठेवण्यापूर्वी एवढे विचारावे: हे लग्न फसले तर तिला परत येण्यासाठी कोणते दार उघडे आहे? ज्या घरात या प्रश्नाचे उत्तर लग्नाआधीच स्पष्टपणे दिले जाते, तेथील मुलगी वराचा स्वभाव निर्धास्तपणे पारखू शकते.

अभ्यासासाठी प्रश्न

१. आपल्या घरातील तीन पिढ्यांतील स्त्रियांची माहेरे किती अंतरावर होती, याची नोंद करा.
२. त्या स्त्रियांना अडचणीच्या वेळी प्रथम कोणाची मदत झाली?
३. मिळकत व स्वभाव यांपैकी कशाला महत्त्व दिले गेले, आणि ते कोणी ठरविले?