जन्मतारखांची उलटतपासणी

१. पाच संकेतस्थळांवर एकच जन्मतारीख दिसली, म्हणजे पाच साक्षीदार मिळाले असे नाही. बहुधा एकाने लिहिलेले बाकीच्यांनी उतरवलेले असते. शुद्धलेखनाची चूकही तशीच पुढे गेलेली असली की नक्कल लगेच ओळखू येते. २००९ साली जर्मनीचे मंत्री कार्ल-थिओडोर त्सु गुटेनबर्ग यांच्या मुळातच लांबलचक नावात कोणीतरी विकिपीडियावर ‘विल्हेल्म’ हे आणखी एक नाव घुसवले. वृत्तपत्रांनी ते छापले आणि मग छापून आले म्हणून त्याच बातमीचा विकिपीडियावर दाखला दिला गेला! म्हणून दाखला फिरून स्वतःपाशीच येतो आहे का, हे मी सर्वांत आधी पाहते.

२. तळटीप आहे एवढ्यावर समाधान मानू नये, ती उघडावी. विकिडेटावरच्या कितीतरी नोंदींखाली ‘विकिपीडियावरून घेतले’ एवढाच आधार असतो. तो नसल्यासारखाच.

३. आपल्याकडे खरी परीक्षा नावांची. बाळूताई खरे, मालती बेडेकर आणि विभावरी शिरूरकर ही एकच बाई. कुसुमाग्रजांचे जन्मनाव गजानन रंगनाथ. दत्तक गेल्यावर ते विष्णू वामन शिरवाडकर झाले. माहेर-सासर, दत्तकविधान, टोपणनाव आणि त्यात रोमन लिपीतली नाना स्पेलिंगे. व्हीआयएएफ (VIAF) या ऑनलाइन सूचीत देशोदेशींच्या ग्रंथालयांच्या लेखकनामनोंदी एकमेकींना जोडलेल्या असतात. तिचा मला फार उपयोग होतो. पण ही जोडणी मुख्यतः संगणक करतो, त्यामुळे कधी एका माणसाचे दोन होतात, तर कधी सारख्या नावाचे दोघे एक. पुस्तकांची यादी शेजारी ठेवून जुळवल्याशिवाय मी आमच्या ग्रंथालयाच्या तालिकेत काही घेत नाही. नावापेक्षा ग्रंथसूची कमी फसवते.

४. तारखेपुढे दिवस-महिना आहे म्हणून ती अचूक समजू नये. एका पिढीतल्या असंख्य लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना गुरुजींनीच तो ठरवला. शके सनाचेही तसेच. सरसकट ७८ मिळवणारा फाल्गुनात हमखास चुकतो: शके १५५१ मधली फाल्गुन वद्य तृतीया इसवी सन १६३० मध्ये पडते, १६२९ मध्ये नाही. उलट जिथे वाद उघडपणे मांडलेला असतो, तिथे माझा विश्वास वाढतो. केशवसुतांच्या जन्माच्या १५ मार्च १८६६ आणि ७ ऑक्टोबर १८६६ अशा दोन तारखा आढळतात. दोन्ही देणारी नोंद मला एकच ठणकावून सांगणाऱ्या नोंदीपेक्षा बरी वाटते.

५. छापील कोश म्हणजे वेदवाक्य, हा आमच्या व्यवसायातला जुना अहंकार. ॲपल्टनच्या अमेरिकन चरित्रकोशात (१८८७–८९) कधी जन्मालाच न आलेल्या माणसांची चरित्रे होती; वनस्पतिशास्त्रज्ञ बार्नहार्ट यांनी १९१९ मध्ये त्यांतले चौदा बनावट वनस्पतिशास्त्रज्ञ उघडे पाडले. चित्रावशास्त्र्यांचा ‘अर्वाचीन चरित्रकोश’ मी आजही काढते, पण तो १९४६ चा आहे हे लक्षात ठेवून.

६. वाचकाला उत्तर देताना तारखेसोबत ती कुठून घेतली आणि कोणत्या दिवशी पाहिली, हेही चिठ्ठीवर लिहून देते. ऑनलाइन नोंद उद्या बदललेली असू शकते. शोधनिबंधवाले ही चिठ्ठी जपून ठेवतात, शब्दकोडेवाले तिथेच टाकून जातात.