घराचे कर्ज, घरखर्च आणि धंदा : तीन हिशोब वेगळे ठेवा

छोट्या व्यापाऱ्याच्या आणि कारागिराच्या हाती महिन्याच्या महिन्याला ठरावीक पगार पडत नाही. घरकर्जाचा हप्ता मात्र ठरावीक तारखेलाच द्यावा लागतो. तेजीच्या महिन्यात हप्ता सहज जातो, मंदीच्या महिन्यात तो धंद्याच्या भांडवलातून जातो. भांडवल आटले की माल कमी येतो, माल कमी आला की कमाई कमी होते आणि पुढचा हप्ता अधिकच जड होतो. अनेक मेहनती माणसांची घरे या चक्रात अडकतात. वस्तुतः त्यांची कमाई अपुरी नसते, तर धंदा, घर आणि कर्ज या तिघांचा पैसा एकाच गल्ल्यात राहतो, हे त्याचे कारण असते.

आपल्या समाजात व्याजाच्या कर्जाविषयी मनात खंत बाळगणारे पुष्कळ आहेत. दुसरा मार्ग न मिळाल्याने त्यांनी बँकेचे कर्ज काढलेले असते. असे कर्ज घ्यावे की नाही, हा प्रश्न उलेमांना विचारावा. ज्यांच्या डोक्यावर ते आज आहे त्यांनी त्यातून लवकर आणि घर न गमावता कसे बाहेर पडावे, एवढ्यापुरताच हा लेख आहे.

हप्त्यात मुद्दल किती?

समजा, मालेगावातील एका यंत्रमागधारकाने १२ लाख रुपयांचे कर्ज दरसाल ९ टक्के दराने १५ वर्षांसाठी घेतले. त्याचा मासिक हप्ता सुमारे १२,१७१ रुपये येतो. पहिल्या हप्त्यातील ९,००० रुपये व्याजात जातात आणि मुद्दल फक्त ३,१७१ रुपयांनी कमी होते. पाच वर्षांत तो ७ लाख ३० हजार रुपये भरतो. परंतु मुद्दलातून केवळ २ लाख ३९ हजार वजा झालेले असतात. एकतृतीयांश मुदत संपते आणि कर्ज मात्र जेमतेम एकपंचमांश फिटते. निम्मे मुद्दल फिटण्यास जवळजवळ दहा वर्षे लागतात. पूर्ण पंधरा वर्षांत व्याजाचा आकडा ९ लाख ९० हजारांवर जातो.

यावरून एक गोष्ट स्पष्ट होते. नियमित हप्त्याव्यतिरिक्त आपण जी रक्कम भरतो ती, थकबाकी नसल्यास, सरळ मुद्दलातून वजा होते. म्हणून सुरुवातीच्या वर्षांत भरलेला जादा रुपया सर्वांत जास्त व्याज वाचवतो. याच कर्जात पहिल्या वर्षाच्या अखेरीस ५०,००० रुपये जादा भरले व हप्ता तोच ठेवला, तर पुढील सुमारे १ लाख १७ हजारांचे व्याज टळते. तीच रक्कम दहाव्या वर्षाच्या अखेरीस भरली तर जेमतेम २६-२७ हजार वाचतात. परंतु म्हणून उद्याच गल्ला रिकामा करून बँकेत भरणे शहाणपणाचे नाही. त्याआधी काही पायऱ्या आहेत.

पहिली पायरी : धंद्यातून स्वतःला पगार घ्या

आपल्या यंत्रमागधारकाचे उदाहरण पुढे नेऊ. तो व्यापाऱ्याच्या सुतावर मजुरीने कापड विणून देतो. कामगारांची मजुरी, वीजबिल, मागांची दुरुस्ती व सुटे भाग हे सर्व वजा जाता वर्षातील आठ महिने त्याला ४०,००० रुपये उरतात आणि मंदीच्या चार महिन्यांत २२,००० रुपये. वर्षाची बेरीज ४ लाख ८ हजार, म्हणजे महिन्याची सरासरी ३४,००० होते.

चूक होते ती येथे. चाळीस हजार आले की घर चाळीस हजारांचे होते. बावीस हजार आले की उसनवारी सुरू होते. त्याऐवजी त्याने घरखर्चासाठी दरमहा १८,००० रुपये ठरवून घ्यावेत. तेजी असो वा मंदी, आकडा तोच ठेवावा. हप्त्याचे १२,१७१ रुपये वेगळ्या बचत खात्यात टाकावेत आणि बँकेचा हप्ता त्याच खात्यातून कापला जावा. धंद्याचा पैसा धंद्याच्या खात्यात राहावा. दुकानातून घरी नेलेले दूध, साबण किंवा कापडही वहीत घरखर्चाच्या नावे लिहावे.

असे केल्यास चांगल्या महिन्यात ९,८२९ रुपये शिल्लक पडतात आणि मंदीच्या महिन्यात ८,१७१ रुपये कमी पडतात. वर्षअखेर निव्वळ शिल्लक सुमारे ४६,००० रुपये राहते. हीच रक्कम वेगळी ठेवली नाही तर ती कोठे गेली याचा पत्ताही लागत नाही.

दुसरी पायरी : राखीव रक्कम

ही शिल्लक लगेच बँकेत भरू नये. प्रथम तीन हप्त्यांइतकी रक्कम, म्हणजे साधारण ३६,५०० रुपये, आणि मंदीच्या चार महिन्यांची तूट, म्हणजे ३२,७०० रुपये, एवढा साठा उभा करावा. एकूण ६९,००० रुपयांच्या आसपास ही रक्कम होते. आपल्या उदाहरणात त्यास सुमारे दीड वर्ष लागते. बँकेत भरून टाकलेला पैसा अडचणीच्या दिवशी सहजासहजी परत मिळत नाही. राखीव रक्कम मात्र आजारपणात, माग बंद पडल्यावर किंवा व्यापाऱ्याने पैसे अडकवून ठेवल्यावर हप्ता चुकू देत नाही.

मोठ्या खर्चांचे वेळापत्रकही आधीच मांडावे. चांद्रवर्ष सौरवर्षापेक्षा सुमारे ११ दिवसांनी लहान असल्याने आपले सण दरवर्षी मागे सरकतात. बकरी ईद २०२४ मध्ये १७ जूनला आणि २०२५ मध्ये ७ जूनला आली. म्हणजे कुर्बानीचा खर्च आणि शाळा उघडतानाची फी व वह्या-पुस्तके एकाच सुमारास आली. ज्यांनी हे पाहिले नाही त्यांचा जूनचा हप्ता ओढाताणीत गेला. वर्षाच्या आरंभी कॅलेंडर समोर ठेवून रमजान, दोन्ही ईद, शाळेची फी, घरपट्टी आणि लग्नकार्ये वहीत लिहावीत व त्यांची रक्कम बारा महिन्यांत वाटून बाजूला काढावी.

तिसरी पायरी : महाग कर्ज आधी फेडा

घरकर्ज हे बहुधा आपल्या कर्जांतील सर्वांत स्वस्त कर्ज असते. खासगी सावकाराचे महिना २ टक्के म्हणजे वर्षाला २४ टक्के होतात. क्रेडिट कार्डाची थकबाकी त्याहूनही महाग पडते. अशी देणी असताना ९ टक्क्यांच्या घरकर्जात जादा भरणा करणे म्हणजे मोठे भगदाड सोडून लहान छिद्र बुजविणे होय. म्हणून आधी कार्ड, मग सावकार, मग सोनेतारण आणि शेवटी घरकर्ज, असा क्रम ठेवावा. आपल्या गावात बिनव्याजी कर्ज देणारी पतसंस्था किंवा बैतुलमाल असेल तर महाग देणी फेडण्यासाठी तिची मदत घेता येईल. मात्र तेथील परतफेडही बँकेइतकीच काटेकोरपणे करावी.

उधारीच्या मालाचाही हाच न्याय आहे. रोखीने घेतल्यास सूत, मैदा किंवा प्लायवूड २ टक्के स्वस्त मिळत असेल आणि उधारी एक महिन्याची असेल, तर ती उधारीही वर्षाला सुमारे २४ टक्क्यांची ठरते. अशा वेळी पैसा रोख खरेदीत ठेवणे अधिक फायद्याचे आहे.

दागिने विकून कर्ज फेडण्याचा विचार अनेक घरांत होतो. येथे हे लक्षात ठेवले पाहिजे की मेहर आणि पत्नीचे स्वतःचे दागिने ही तिची मालमत्ता आहे. तिने खुशीने दिले तरच ते घ्यावेत, आणि तेही उसने म्हणून दिले असतील तर वहीत तिच्या नावे जमा लिहावेत.

चौथी पायरी : वर्षातून एकदा जादा भरणा

राखीव रक्कम पुरी झाली, महाग देणी फिटली, की मग दरवर्षीची शिल्लक मुद्दलात भरावी. आपल्या यंत्रमागधारकाने तिसऱ्या वर्षाच्या अखेरीपासून दरवर्षी ४५,००० रुपये भरले व हप्ता आणि दर तोच राहिला, तर १८० ऐवजी १२८ हप्त्यांतच कर्ज संपते. घर चार वर्षे चार महिने आधी मोकळे होते आणि सुमारे २ लाख ८४ हजार रुपयांचे व्याज वाचते. कमाई एक पैशानेही वाढलेली नाही. केवळ हिशोब वेगळा झाला आहे.

भरणा करताना अर्जावर स्पष्ट लिहावे : "ही रक्कम मुद्दलात जमा करावी, हप्ता तोच ठेवून मुदत कमी करावी." अन्यथा बँक मुदत तीच ठेवून हप्ता कमी करू शकते व व्याजाची बचत कमी होते. धंदा फारच नाजूक असेल तर मात्र हप्ता कमी करून घेणेही योग्य ठरते. निर्णय आपण घ्यावा, तो बँकेवर सोडू नये.

बँकेकडून काय मागावे?

पहिली गोष्ट, जादा भरण्यावरील आकार. व्यक्तीच्या नावावरील बदलत्या दराच्या घरकर्जावर मुदतपूर्व फेडीचा आकार घेऊ नये, असे रिझर्व्ह बँकेने २०१२ मध्येच बँकांना सांगितले. स्थिर दराच्या कर्जाच्या अटी वेगळ्या असू शकतात. त्या करारात पाहाव्यात.

दुसरी गोष्ट, दर आणि मुदत. मे २०२२ ते फेब्रुवारी २०२३ या काळात रिझर्व्ह बँकेने रेपो दर ४ टक्क्यांवरून ६.५ टक्क्यांवर नेला. अनेक कर्जदारांचा हप्ता तोच राहिला, परंतु मुदत मुकाट्याने लांबली. १२ लाखांचे १५ वर्षांचे कर्ज ७ टक्क्यांनी घेतले असता हप्ता १०,७८६ रुपये येतो. दर साडेनऊ झाला आणि हप्ता तोच राहिला, तर कर्ज फिटण्यास १८० ऐवजी २७० हप्ते, म्हणजे साडेबावीस वर्षे लागतात. ऑगस्ट २०२३ च्या परिपत्रकानुसार दर बदलताना हप्ता वाढवावा की मुदत, याची निवड कर्जदाराला दिली पाहिजे. तसेच भरलेले मुद्दल, व्याज, उरलेले हप्ते आणि दर दाखविणारे विवरण दर तिमाहीस उपलब्ध केले पाहिजे. २०२५ मध्ये रेपो दर टप्प्याटप्प्याने खाली आला. त्याचा लाभ आपल्या खात्यास मिळाला की नाही, हे या विवरणावरून कळेल.

तिसरी गोष्ट, कागदपत्रे. कर्ज पूर्ण फिटल्यावर मूळ दस्तऐवज ३० दिवसांत परत द्यावेत आणि बँकेमुळे उशीर झाल्यास दररोज ५,००० रुपये भरपाई द्यावी, असा नियम १ डिसेंबर २०२३ पासून लागू आहे. सातबारा किंवा मिळकत पत्रिकेवर बँकेचा बोजा चढला असेल तर तोही उतरवून घ्यावा.

घर पुन्हा धंद्यासाठी गहाण टाकू नका

काही वर्षे हप्ते नीट भरले की त्याच घरावर वाढीव कर्ज देण्याचे फोन येऊ लागतात. "नवे माग घ्या, दुकान वाढवा." धंदा वाढविणे वाईट नाही, परंतु धंद्याच्या चढउतारावर राहते घर टांगणे वाईट आहे. हप्ता ९० दिवसांहून अधिक थकला की बँक ते कर्ज अनुत्पादक ठरवते. त्यानंतर २००२ च्या सरफेसी कायद्यानुसार ६० दिवसांची नोटीस देऊन, पैसे न भरल्यास, बँक न्यायालयात दावा न लावता गहाण घराचा ताबा घेण्याची कारवाई सुरू करू शकते. मंदी बाजारात येते, घर मात्र मुलाबाळांचे जाते. म्हणून नव्या मागाचे कर्ज मागाच्याच तारणावर मिळत असेल तर घ्यावे. घराची किल्ली त्यात गुंतवू नये.

एखादा हप्ता चुकणार असे दिसताच तोंड लपवू नये. तारखेच्या आधी शाखेत जाऊन लेखी अर्ज द्यावा व त्याची पोच घ्यावी. पहिल्या महिन्यात बोलणाऱ्याला जे पर्याय मिळतात ते चौथ्या महिन्यात मिळत नाहीत.

लिहून ठेवा आणि घरात सांगा

सूरह बकराच्या २८२ व्या आयतीत मुदतीच्या देण्याघेण्याचा व्यवहार लिहून ठेवण्याचा आदेश आहे, हे आपण सर्वजण जाणतो. तरीही आपल्यातील कितीतरी जणांच्या कर्जाचा आकडा केवळ त्यांच्या डोक्यात असतो. माणूस मरण पावल्यावर वारसांत वाटणी करण्यापूर्वी त्याचे देणे फेडावे लागते. मग ते देणे किती आणि कोणाचे, हे पत्नीला आणि मोठ्या मुलामुलींना ठाऊक नको काय? कर्जाचा खाते क्रमांक, शिल्लक मुद्दल, उरलेले हप्ते, राखीव रक्कम आणि कागदांची फाईल कोठे आहे, एवढे एका पानावर लिहून घरात ठेवावे.

वाचकांनी या आठवड्यात चार कामे करावीत. बँकेतून कर्जाचे विवरण आणावे. हप्त्यासाठी वेगळे खाते ठेवावे. मागील बारा महिन्यांची निव्वळ कमाई काढून तिची सरासरी मांडावी. त्या सरासरीतून हप्ता आणि थोडी शिल्लक वजा करून उरलेल्या रकमेतच घरखर्च ठरवावा. सरासरीतून एवढे भागत नसेल, तर तेही आजच कळलेले बरे. हप्ते थकल्यावर हाच हिशोब नोटिशीतून समजतो, आणि तोपर्यंत हातातील बरेच मार्ग बंद झालेले असतात.