फ्रेंच घेताय? आधी नकाशा बघा

अकरावीचा अर्ज भरताना पुण्या-मुंबईतल्या कितीतरी घरांत फ्रेंचची निवड एकाच कारणाने होते: विषय ‘स्कोअरिंग’ आहे. नव्वदच्या पुढे मार्क पडतात, टक्केवारी वर सरकते आणि बारावी आटोपली की पुस्तकं रद्दीत जातात. यात गैर काही नाही, पण याला फ्रेंच येणं म्हणत नाहीत. पंच्याण्णव मार्क मिळवलेल्या मुलाला फ्रेंचमधून फोनवर डॉक्टरची वेळ घ्यायला सांगा, बहुधा पहिल्या वाक्यालाच गाडी अडेल. परीक्षा लिहिण्याची होती आणि तयारीही तेवढीच झाली होती.

त्यामुळे पालक जेव्हा विचारतात, “फ्रेंचला स्कोप आहे का हो?”, तेव्हा मार्कांची फ्रेंच बाजूला ठेवून बोलावं लागतं. क्लासच्या जाहिरातीत लिहिलेलं असतं, जगात ३२ कोटी लोक फ्रेंच बोलतात, पाचही खंडांत. फ्रेंचभाषक देशांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेचा, म्हणजे फ्रँकोफोनीचा, २०२२ चा आकडा तेवढाच आहे. पण त्या ३२ कोटींत लिऑनचा दुकानदार आहे, किन्शासाचा विद्यार्थी आहे आणि बैरुतचा वकीलही आहे. एकाची ती घरची भाषा, दुसऱ्याची शाळेची, तिसऱ्याची पेशाची. तुमच्या मुलाला काम कुठलं मिळेल आणि कोणाशी टक्कर द्यावी लागेल, हे या फरकावर ठरतं. म्हणून ही भाषा तिथे गेली कशी, हेही बघायला हवं.

खुद्द फ्रान्समध्ये ती सगळ्यांची भाषा फार उशिरा झाली. १५३९ मध्ये राजा पहिला फ्रान्स्वा याने फर्मान काढून न्यायालयांतलं आणि दप्तरातलं लॅटिन हटवलं आणि तिथे फ्रेंच आणली. तरी राज्यक्रांतीनंतर, १७९४ मध्ये, आबे ग्रेग्वार यांनी पाहणीचा अहवाल मांडला तेव्हा कोट्यवधींच्या देशात सफाईने फ्रेंच बोलणारे जेमतेम ३० लाख निघाले. बाकीचे ब्रेतों, ऑक्सितान, बास्क, अल्सेशियन बोलत होते. १८८० च्या दशकात झ्यूल फेरी यांच्या कायद्यांनी प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं झालं, आणि शाळेत ब्रेतों बोलणाऱ्या पोरांना शिक्षा होऊ लागली. फ्रेंच पसरली ती अशी, कचेरीतून आणि शाळेतून. पुढे वसाहतींत हीच पद्धत वापरली गेली.

शेजारच्या देशांचं थोडक्यात सांगतो. बेल्जियमचा दक्षिण भाग आणि ब्रसेल्स, स्वित्झर्लंडचा जिनिव्हा-लोझानकडचा पट्टा, लक्झेंबर्ग आणि मोनॅको इथे फ्रेंच चालते. जिनिव्हात संयुक्त राष्ट्रांची कार्यालयं आणि रेडक्रॉस, लोझानमध्ये ऑलिंपिक समिती, पॅरिसमध्ये युनेस्को. संयुक्त राष्ट्रांच्या सचिवालयाच्या कामकाजाच्या भाषा दोनच, इंग्रजी आणि फ्रेंच. हे ऐकून पालकांचे डोळे चमकतात. मात्र तिथल्या जागा मोजक्या असतात आणि त्यासाठी अर्थशास्त्र, कायदा, सार्वजनिक आरोग्य अशा एखाद्या विषयात पक्कं असावं लागतं. भाषा त्याच्या जोडीला.

आता कॅनडा, कारण सध्या बहुतेक चौकशा तिथल्याच असतात. १६०८ मध्ये शांप्लॅं याने क्वेबेक वसवलं. १७५९ च्या लढाईत ते इंग्रजांनी जिंकलं आणि १७६३ च्या तहाने फ्रान्सने त्यावरचा हक्क सोडला. राज्य गेलं, पण वस्ती राहिली, चर्च राहिलं, आणि १७७४ च्या कायद्याने फ्रेंच दिवाणी कायदाही राहिला. भोवताली इंग्रजीचा समुद्र असताना त्या लोकांनी भाषा दोन शतकं धरून ठेवली. १९७७ मध्ये तर ‘कायदा १०१’ करून दुकानाच्या पाटीपासून स्थलांतरितांच्या मुलांच्या शाळेपर्यंत सगळं फ्रेंचमध्ये आणलं.

याचा विद्यार्थ्याला अर्थ असा. माँट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात तुम्ही संपूर्ण शिक्षण इंग्रजीत घेऊ शकता, पण त्याच शहरात नर्स किंवा इंजिनीअर म्हणून परवाना हवा असेल तर फ्रेंच येत असल्याचं दाखवावं लागतं. एजंटच्या ऑफिसात ही गोष्ट शेवटी कळते. क्वेबेकबाहेर गोष्ट वेगळी आहे. बाकीच्या प्रांतांत फ्रेंचभाषक वाढावेत म्हणून केंद्र सरकार २०२३ पासून कायम वास्तव्याच्या निवडीत फ्रेंच जाणणाऱ्यांच्या स्वतंत्र फेऱ्या घेतं, आणि त्यांत गुणांची अट सर्वसाधारण फेरीपेक्षा बरीच खाली राहिली आहे. मात्र ऐकणं, बोलणं, वाचणं, लिहिणं या चारही अंगांत साधारण बी-२ ची, म्हणजे बऱ्यापैकी सफाईने भाषा वापरता येण्याची, पातळी लागते. आठवड्यातून दोनदा क्लासला जाऊन सहा महिन्यांत ती येत नाही. परदेशी जाण्याचे नियम दरवर्षी हलतात, तेव्हा केवळ या एका दारासाठी तीन वर्षं फ्रेंचवर घालवणार असाल तर दुसरं दारही आधीच बघून ठेवा.

मॉरिशस मराठी माणसाला जवळचा. १७१५ मध्ये फ्रेंचांनी घेतलेलं हे बेट १८१० मध्ये इंग्रजांनी जिंकलं, पण शरणागतीच्या अटींत तिथले कायदे, धर्म आणि रीतिरिवाज तसेच ठेवायचं कबूल केलं. पुढे उसाच्या मळ्यांवर करारबद्ध मजूर नेले गेले, त्यांत रत्नागिरी-साताऱ्याकडची माणसं होती. आज त्यांची पणतवंडं घरात क्रिओल बोलतात, फ्रेंच वर्तमानपत्र वाचतात, सरकारी अर्ज इंग्रजीत भरतात आणि शाळेत मराठी हा विषय घेतात. राज्यकर्ते बदलले म्हणून भाषा बदलतेच असं नाही, हे मॉरिशसइतकं स्वच्छ दुसरीकडे दिसत नाही.

खरा ऐवज मात्र आफ्रिकेत आहे. नेमकं तेच नाव काढलं की समोरचे आई-वडील एकमेकांकडे बघू लागतात. रोज फ्रेंच बोलणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिक लोक आज आफ्रिकेत आहेत. १८८४-८५ च्या बर्लिन परिषदेच्या सुमारास युरोपीय सत्तांनी आफ्रिका वाटून घेतली, पश्चिमेचा मोठा भाग फ्रान्सकडे गेला आणि काँगोचं खोरं बेल्जियमच्या राजाकडे. १९६० या एका वर्षात फ्रान्सच्या ताब्यातले चौदा देश स्वतंत्र झाले. सीमा परक्यांनी आखलेल्या, एकेका देशात डझनावारी भाषा. आयव्हरी कोस्टमध्ये साठहून जास्त. कुठली एक निवडली असती तरी बाकीचे रुसले असते, म्हणून न्यायालय, शाळा आणि बँकेची भाषा फ्रेंचच राहिली. आपल्याकडे इंग्रजीचं जे झालं तेच. घरात, बाजारात वोलोफ, लिंगाला, बाम्बारा, कागदावर फ्रेंच. तिथल्या, म्हणजे आयव्हरी कोस्टच्या, अबिजानसारख्या शहरात तर मुलांची पहिली भाषाच फ्रेंच होऊ लागली आहे. १९७० मध्ये फ्रँकोफोनीची स्थापना झाली तीही पॅरिसमध्ये नाही, नायजरच्या राजधानीत, नियामे इथे. आणि पुढाकार घेणाऱ्यांत सेनेगलचे कवी-राष्ट्राध्यक्ष सेंगोर आणि ट्युनिशियाचे बुर्गिबा होते.

यात आपल्या मुलांसाठी काय आहे? काजूचंच बघा. आयव्हरी कोस्ट हा जगातला सर्वांत मोठा कच्च्या काजूचा उत्पादक. कोकण, गोवा आणि चंदगड-आजऱ्याकडच्या कारखान्यांना स्थानिक बी वर्षभर पुरत नाही, तेव्हा आफ्रिकेचा माल येतो. फेब्रुवारी ते जून तिकडचा हंगाम. भारतीय खरेदीदाराचा माणूस गोदामात उभा राहून पोत्यांतून नमुना काढतो, बिया कापतो, चांगला गर आणि खराब गर वेगळा वजन करतो आणि ८० किलोच्या पोत्यामागे किती पौंड गर निघेल ते काढतो. हाच ‘आउटटर्न’. ४८ आणि ४५ यांत भावाचा मोठा फरक पडतो. भांडण लागलं तर गोदामवाल्याशी, ट्रकवाल्याशी, बंदरावरच्या कारकुनाशी बोलायचं ते फ्रेंचमध्ये, आणि परवान्याचे सरकारी कागदही फ्रेंचमध्ये. बी.एस्सी. ॲग्री किंवा बी.कॉम. झालेला, बी-१, म्हणजे बी-२ च्या एक पायरी खालच्या, पातळीची फ्रेंच बोलणारा मुलगा इथे दुभाष्यावर अवलंबून राहत नाही. मालकाला अशा मुलाची किंमत कळते.

औषधांचंही तसंच. भारतीय जेनेरिक औषधं पश्चिम आफ्रिकेत मोठ्या प्रमाणावर विकली जातात. त्यांच्या नोंदणीची फाइल आणि खोक्यातली माहितीपत्रिका फ्रेंचमध्ये लागते. बी.फार्म. करून ‘रेग्युलेटरी’मध्ये जाणाऱ्या मुलीने ही भाषा घेतली तर तिच्यासारख्या उमेदवार फार नसतात. कायद्याच्या विद्यार्थ्यांनी ‘ओहाडा’ हे नाव लक्षात ठेवावं. १९९३ मध्ये मॉरिशसच्या पोर्ट लुईमध्ये झालेल्या या कराराने आफ्रिकेतल्या काही देशांनी व्यापाराचे कायदे एक केले. आज त्यात सतरा देश आहेत, बहुतेक फ्रेंचभाषक, आणि सामाईक न्यायालय अबिजानला. मोरोक्कोतून आपल्या शेतांत पडणारं फॉस्फेट खत येतं. डाकारच्या रस्त्यांवर टाटांच्या मिनीबस धावतात. ही यादी आणखी वाढवता येईल.

उलट बाजूही नकाशाच दाखवतो. ‘फ्रेंच शिका, कॉल सेंटरमध्ये दुप्पट पगार’ हे आमिष जुनं आहे. फ्रान्सच्या कंपन्या ग्राहकसेवेचं काम मोरोक्को, ट्युनिशिया, मादागास्कर, सेनेगल, मॉरिशस इथे पाठवतात. तिथे लहानपणापासून फ्रेंच बोलणारी हजारो मुलं आहेत आणि पॅरिसशी वेळेचा फरकही थोडा. आपल्या मुलाने केवळ फ्रेंचच्या जोरावर त्यांच्याशी स्पर्धा करू नये. त्याची ताकद फ्रेंच, चांगली इंग्रजी आणि हातातली एक विद्या या तिन्हींच्या जोडीत आहे. नुसत्या भाषांतरावर पोट भरण्याचे दिवसही अवघड झाले आहेत. साधं पत्र यंत्र भाषांतरित करतं. माणूस लागतो तो करारातली चूक पकडायला किंवा तोंडी बोलणी करायला.

फ्रेंच कंपनी म्हणजे फ्रेंच भाषेची नोकरी, हाही गैरसमज. पुण्यातल्या दासो सिस्टिम्समध्ये किंवा कॅपजेमिनीत रोजचं काम इंग्रजीत चालतं. फ्रेंच आली तर प्रकल्पावर तिकडे जाताना उपयोग होतो, भरती मात्र कोडिंगवर होते. जैतापूरचं नावही कोणीतरी काढतंच. सहा फ्रेंच अणुभट्ट्यांच्या त्या प्रकल्पाच्या वाटाघाटी वर्षानुवर्षं चालूच आहेत; त्याच्या भरवशावर भाषा निवडू नये.

फ्रान्सला शिकायला जाणाऱ्यांसाठी वारं सध्या अनुकूल आहे. जानेवारी २०२४ मध्ये प्रजासत्ताक दिनाला आलेले राष्ट्राध्यक्ष मॅक्रों यांनी २०३० पर्यंत ३० हजार भारतीय विद्यार्थ्यांचं उद्दिष्ट जाहीर केलं. इंग्रजीतून मास्टर्स करता येतं, विशेषतः बिझनेस स्कूलमध्ये, पण फी जबर. सरकारी विद्यापीठात ती बरीच कमी, मात्र पदवीचे अभ्यासक्रम बहुतांशी फ्रेंचमध्ये. इंग्रजीत शिकलात तरी अभ्यासक्रमातली इंटर्नशिप शोधताना फ्रेंच आडवी येतेच.

शिकायचं कुठे? मुंबई-पुण्यात आलियाँस फ्राँसेज आहे. पुण्यात रानडे इन्स्टिट्यूटच्या आवारात विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग आहे, मुंबई विद्यापीठाचा फ्रेंच विभाग आहे. भाषेतच पुढे जायचं असेल तर दिल्लीचं जेएनयू आणि हैदराबादचं इफ्लू. अशा पदवीनंतर शिक्षकी पेशा हा आजही सर्वांत खात्रीचा मार्ग आहे, कारण शाळांना चांगले फ्रेंच शिक्षक सहज मिळत नाहीत. पातळीचा दाखला म्हणून डेल्फ ही परीक्षा द्यावी. बी-२ ला चार भाग, प्रत्येकी २५ गुण, पास व्हायला एकूण ५० आणि कुठल्याही भागात पाचच्या खाली चालत नाही. हा दाखला कायमचा. कॅनडासाठीच्या टेफ आणि टीसीएफ या परीक्षांचे निकाल दोन वर्षंच चालतात, म्हणून त्या अर्जाच्या आधी द्याव्यात, हौस म्हणून दुसऱ्या वर्षात नव्हे. शून्यापासून बी-२ पर्यंत साधारण पाच-सहाशे तासांची मेहनत धरा.

शेवटची शंका वडिलांची असते: ही भाषा टिकेल का? रास्त शंका आहे. रवांडाने २००८ मध्ये शाळांचं माध्यम इंग्रजी केलं. मालीने २०२३ च्या राज्यघटनेत फ्रेंचचा राजभाषेचा दर्जा काढला, आणि मार्च २०२५ मध्ये माली, बुर्किना फासो आणि नायजर यांनी फ्रँकोफोनी सोडण्याची घोषणा केली. अल्जीरियात प्राथमिक शाळेत इंग्रजी आली. राग फ्रान्सच्या राजकारणावर आहे आणि तो भाषेवर निघतो. तरी मालीत फ्रेंच कामकाजाची भाषा म्हणून राहिलीच, आणि फ्रँकोफोनीच्या प्रमुख लुईझ मुशिकिवाबो रवांडाच्याच. आयव्हरी कोस्ट, सेनेगल, काँगो इथे शाळा फ्रेंचमध्येच भरतात आणि वर्ग दरवर्षी मोठे होताहेत. आज दहावीत असलेला मुलगा नोकरीला लागेपर्यंत सहा-सात वर्षं जातील. त्याने पदवीचं दुसरं वर्ष संपेपर्यंत बी-१ गाठावी, आपला मूळ विषय न सोडता, आणि मग त्या विषयाचं काम कुठल्या फ्रेंचभाषक देशात चालतं ते पाहून बी-२ चा खर्च करायचा की नाही ते ठरवावं.