कृषी संशोधनातील नोकरी : नियमित पद आणि प्रकल्पातील पद

नवी दिल्लीतील भारतीय कृषी संशोधन संस्थेस १९५८ मध्ये अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. येथील शास्त्रज्ञ संशोधनाबरोबरच पदव्युत्तर अध्यापनही करतात. अशा संस्थेत दोन प्रकारे प्रवेश मिळतो.

नियमित पद : प्रारंभिक शास्त्रज्ञपदासाठी कृषी वैज्ञानिक निवड मंडळाची कृषी संशोधन सेवा परीक्षा द्यावी लागते. तीत पूर्वपरीक्षा, मुख्य परीक्षा व मुलाखत असे टप्पे असतात. राष्ट्रीय पात्रता परीक्षा मात्र राज्य कृषी विद्यापीठांतील सहायक प्राध्यापकपदासाठी केवळ पात्रता देते, नियुक्ती नव्हे.

प्रकल्पातील पद : वरिष्ठ संशोधन अधिछात्र, यंग प्रोफेशनल यांसारखी पदे बहुधा थेट मुलाखतीद्वारे भरली जातात. ती प्रकल्पाच्या मुदतीपुरतीच असतात. त्यांतून कायम नेमणुकीचा हक्क निर्माण होत नाही.

एकामागून एक प्रकल्प करताना नियमित पदाची वयोमर्यादा उलटून जाण्याचा धोका असतो. म्हणून विस्तार कार्यकर्त्यांनी गावातील कृषी पदवीधरांना जाहिरातीतील पदाचे स्वरूप, विषय, अर्हता व वयोमर्यादा प्रथम तपासण्यास सांगावे. प्रकल्पातील अनुभव मोलाचा असतो. मात्र त्याच काळात परीक्षेची तयारीही सुरू राहिली पाहिजे.